राब ते साचा

एप्रिल सरत आला की कर्जत लोकलच्या खिडकीतून वेगळाच नकाशा दिसायला लागतो. वांगणी मागे पडलं, शेलू-नेरळ आलं, की पिवळ्या पडलेल्या खाचरांच्या कोपऱ्यांत काळे चौकोन दिसतात. एखादा अजून धुमसत असतो. डब्यातला नवखा माणूस विचारतो, "शेतं का जाळतात हे लोक?" रोजचा प्रवासी मोबाइलवरून मान न उचलता म्हणतो, "राब आहे तो." संपलं. भिवपुरी येतं, कर्जत येतं, लोक उतरतात.

नवख्याचा हा प्रश्न मात्र जुना आहे. गेली एकशेचाळीस वर्षं तो विचारला जातो आहे, फक्त विचारणारे बदलत गेले. आधी वन खात्याचा साहेब, मग रसायनशास्त्रज्ञ, मग ग्रामसेवक, मग कृषी सहायक. प्रत्येक प्रश्नाच्या मागोमाग एक कार्यक्रम आला. त्याला आता "वर्तनबदल कार्यक्रम" असं सरकारी मराठीत म्हणतात. हा शब्द कुटुंबनियोजन, एड्स, शौचालय या वाटेनं आपल्याकडे रुळला. पण लोकांची रीत ठरवून बदलायची, त्यासाठी माणसं नेमायची, पत्रकं काढायची आणि लोक का बदलत नाहीत म्हणून चिडायचं, हा उद्योग त्याहून पुष्कळ जुना आहे. कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत त्याचे थरावर थर साचले आहेत. ते उकरून बघावेत म्हणून हा मागोवा.

राब म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. भाताचं रोप ज्या तुकड्यात तयार करायचं तो तुकडा आधी भाजून घ्यायचा. तयारी हिवाळ्यापासूनच. ऐन-किंजळाची कवळ तोडायची, म्हणजे पाल्यासकट डहाळ्या, आणि भारे बांधून वाळत टाकायचे. मग तुकड्यावर शेणाचा थर, त्यावर कवळ, त्यावर गवत किंवा पातेरा, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर, जाळ भडकू नये म्हणून. पेटवायचं तेही वाऱ्याच्या उलट दिशेनं, म्हणजे आग सरकत, धुमसत जाते. मातीला आच लागली पाहिजे; वरवर भडकून विझला तर राब कच्चा राहिला. पावसाच्या तोंडावर त्यात भात पेरायचं. तीन-चार आठवड्यांनी रोप उपटून मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात आवणी करायची. लावायच्या खाचराच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा राब लागतो, असा ढोबळ हिशेब.

यातली एकेक वस्तू कुठून येते ते बघा. शेण गोठ्यातून, म्हणजे गुरं हवीत. गुरांना चारा हवा, तो माळावरून. कवळ येते डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतून किंवा रानातून. राखेतलं रोप जूनच्या पहिल्या सरींतच तरारून वर येतं, तण त्याला गाठू शकत नाही, कारण तणाचं बी आचेनं मेलेलं असतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे तणाच्या आधी उभं राहणं हीच शेती. शेतकऱ्याला राब सोड म्हणणं म्हणजे एक दोरा ओढ म्हणणं, आणि त्या दोऱ्याला गोठा, डोंगर आणि पाऊस असे तिन्ही बांधलेले.

हा दोरा पहिल्यांदा ओढला तो जंगलाच्या कायद्यानं.

१८७८ चा वन कायदा आला, रानांच्या हद्दी आखल्या गेल्या, राखीव जंगलं ठरली. मुंबईचं सरपण, रेल्वेचे स्लीपर, ठाणे-कुलाब्याचा साग यांची सरकारला काळजी होती. कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. कुलाब्यात तो आला १८९१ मध्ये, आणि कुलाब्याचं रायगड झालं १ जानेवारी १९८१ ला. वन अधिकाऱ्यांच्या नजरेला डोंगरउतारावर छाटून छाटून बोडकी झालेली ऐनाची झाडं दिसत होती आणि त्यांच्या लेखी दोषी कोण हे उघड होतं. कवळ तोडण्यावर बंधनं आली. गावोगावी ओरड झाली, ठाण्यात फॉरेस्ट असोसिएशन उभी राहिली, आणि ठाणे-कुलाब्याच्या तक्रारी ऐकायला १८८५ मध्ये सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल आला १८८७ मध्ये.

त्या सगळ्या वादात शेतकऱ्यांची बाजू भावनेची नव्हती, हिशेबाची होती. वरकस जमीन भातजमिनीला जोडून दिलेली असते ती राबासाठीच. कवळ नाही तर राब नाही, राब नाही तर भात नाही, आणि भात नाही तर सरकारचा सारा कुठून भरायचा? शेवटचा मुद्दा साहेबाला नीट कळला असावा. कवळ तोडण्याची मुभा पुरती गेली नाही, नियमांच्या चौकटीत राहिली. पहिला वर्तनबदल कार्यक्रम असा तडजोडीत संपला. त्याच्या मागे एक शिक्का मात्र उरला: राब ही वाईट सवय आणि ती करणारा अडाणी. पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या पहिल्या पानावर, कधी उघड, कधी सोज्वळ शब्दांत, हा शिक्का सापडतो.

पण याच वेळी एक निराळी वाटही फुटली, आणि मला ती या सगळ्या कथेतली सर्वांत सभ्य वाट वाटते. मुंबई इलाख्याचे पहिले शेती संचालक ई. सी. ओझान यांनी राबावर वाद घालण्याऐवजी त्याचे प्रयोग लावले: भाजलेला तुकडा, न भाजलेला, नुसतं खत घातलेला, शेजारी शेजारी. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होलकर १८८९ मध्ये हिंदुस्थानची शेती सुधारायला म्हणून आले, देशभर हिंडले, आणि १८९३ च्या अहवालात त्यांनी राबाचीही दखल घेतली. एकूण अहवालाचा सूर असा की इथल्या रयतेला शहाणपण शिकवायला निघण्याआधी ती जे करते ते का करते हे समजून घ्यावं. सुधारायला आलेल्या माणसानं असं लिहून जाणं तेव्हाही दुर्मीळ होतं, आजही आहे.

मग पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात हॅरॉल्ड मॅन आले. पिंपळे सौदागरचा अभ्यास करून मराठी खेड्याच्या कर्जाचा आणि जमिनीच्या तुकड्यांचा हिशेब मांडणारे तेच मॅन. त्यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्याबरोबर १९१२ मध्ये पश्चिम हिंदुस्थानातल्या राब पद्धतीवर सविस्तर रासायनिक निबंध छापला. राखेतून मिळणारं खत एवढंच राबाच्या यशाचं कारण नाही, माती तापण्यानंच तिच्यात फरक पडतो, हे त्यातून पुढे आलं. तीनच वर्षं आधी, १९०९ मध्ये, इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांनी तापवलेल्या मातीत पीक जोमानं का येतं यावर निबंध लिहिला होता आणि विज्ञानजगतात त्याचं मोठं कौतुक झालं होतं. कर्जतच्या म्हातारीनं ते कुठे वाचलं नव्हतं, पण दर उन्हाळ्यात तिचा प्रयोग चालू होता.

आता गंमत अशी की राब शहाणपणाचा आहे हे विज्ञानानं सांगितल्यानंतरही तो बंद करण्याचे कार्यक्रम थांबले नाहीत. निबंध एका कपाटात राहिला आणि शिक्का दुसऱ्या टेबलावर.

१९१९ मध्ये कर्जतला भात संशोधन केंद्र सुरू झालं. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली आहे. रेल्वे स्टेशनपासून फार लांब नाही, पण कर्जतला फार्महाऊस शोधायला येणाऱ्यांपैकी कुणी तिकडे फिरकल्याचं मी ऐकलेलं नाही. या केंद्रानं केलेलं काम बघताना मला या कथेतला पहिला ठोस धडा सापडतो. केंद्रानं रीत बदलायला सांगितली तेव्हा माना डोलल्या. बी दिलं तेव्हा ते घराघरांत गेलं. आधी कोळंब या स्थानिक भातातून निवडून काढलेल्या जाती, पुढे कर्जत-१८४, मग कर्जत-३ आणि तिची भावंडं, सह्याद्री नावाचा संकरित वाण. दुकानात आजही माणूस "कर्जत तीन द्या" एवढंच म्हणतो, जणू गावाचं नाव म्हणजेच पिशवीचं नाव.

बी का गेलं? कारण ते घेताना कंबर वेगळी वाकवावी लागली नाही. तोच राब, तीच चिखलणी, तीच मूठ, फक्त कणगीतला दाणा वेगळा. शिवाय बियाणं थोडं घेऊन एका खाचरात लावून बघता येतं. फसलं तर एक खाचर फसलं. सगळीच बियाणी मात्र अशी सहज गेली नाहीत. साठच्या दशकात बुटक्या जाती आल्या तेव्हा खाचरात गुडघाभर साचणाऱ्या पाण्यात त्या बुडाल्या, आणि पेंढा कमी निघाला म्हणून बायकांनी नाक मुरडलं. तांदळाचं उत्पन्न मोजणाऱ्या तक्त्यात पेंढ्याचा रकाना नव्हता. गोठ्यात तो होता.

अमेरिकेच्या आयोवा राज्यात याच बी-प्रकरणावर एक अभ्यास झाला आणि त्यातून पुढे जगभरचं विस्तारशास्त्र उभं राहिलं. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये छापलेल्या या अभ्यासात मक्याचं संकरित बी १९२८ पासून १९४१ पर्यंत दोन वस्त्यांत कसं पसरलं ते शेतकऱ्याशेतकऱ्याला विचारून मांडलं होतं. बीची पहिली बातमी सर्वाधिक लोकांना विक्रेत्याकडून मिळाली होती, पण पेरायचं ठरलं ते शेजाऱ्याचं शेत बघून. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नव्या गोष्टींच्या प्रसारावर ग्रंथ लिहिला, त्याचा पाया हाच. पण मला त्याच आयोवातला, त्याच वर्षांतला दुसरा प्रयोग जास्त उपयोगी वाटतो. युद्धामुळे मांसाची टंचाई होती. गृहिणींनी काळीज, मूत्रपिंड असले टाकून दिले जाणारे भाग रांधावेत असं सरकारला वाटत होतं. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी काही बायकांना उत्तम व्याख्यान ऐकवलं आणि काहींना आपसांत चर्चा करून ठरवायला सांगितलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी ते रांधून पाहिलं, चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. आणि लेविन यांनी आधी विचारलेला प्रश्न त्याहून मोलाचा: घरात अन्न येतं त्या वाटेवरचं दार कुणाच्या हातात आहे?

आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे जपानी पद्धत.

१९४३ ची "अधिक धान्य पिकवा" मोहीम, मग फाळणी, मग परदेशी गव्हाच्या बोटी. या घाईत जपानी पद्धतीची भातशेती आली. मुंबई राज्यात बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात ती करून पाहिली गेली आणि १९५३ मध्ये देशभर मोहीम निघाली. उंच गादीवाफ्यावर विरळ पेरून दणकट रोप, भरपूर खत, दोरी लावून ओळीत आवणी आणि ओळींतून फिरवायची कोळपणी. शास्त्र खोटं नव्हतं. ज्यांनी नेटानं केली त्यांचं पीक वाढलं, कृषी प्रदर्शनांत लोंब्या टांगल्या गेल्या. मग ग्रामसेवक आला. सामूहिक विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ ला सुरू झाली होती आणि त्याच्या झोळीत दोरीही होती.

दोरी कुणाच्या हातात द्यायची होती? सभेला बसला होता सातबाऱ्याचा मालक. खाचरात वाकली होती त्याची बायको, सून, आणि मजुरीवर आलेल्या ठाकूर-कातकरी वाड्यांमधल्या बाया. इरलं पाठीवर, पाय पोटरीभर चिखलात, डाव्या हातात मूठ, उजव्या हाताची तीन बोटं चालताहेत. या बायांची आवणी एका लयीत चालते. दोरीच्या गाठीपाशी थांबून रोप लावायचं म्हणजे ती लय तुटते आणि दिवसाचं काम घटतं. उक्तं काम घेतलं असेल तर मजुरीही घटते. आणि दोन दिवस आवणी लांबली, मधल्या काळात पावसानं उघडीप दिली, तर मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. सभेत "हो" म्हणणारा एक आणि खाचरात नकार देणारी दुसरी. अहवालात मात्र एकच वाक्य गेलं की शेतकरी परंपराप्रिय आहे.

यातच जोखमीचा हिशेब मिसळा. भातावर जगणारं घर श्रावणात रिकामं असतं. खावटी म्हणून सावकाराकडून आणलेलं भात पीक आल्यावर दीडपटीनं परत करायचं. भाई कोतवालांनी कर्जत तालुक्यात शेतकऱ्यांसाठी धान्यपेढ्या उभ्या केल्या त्या या फासातून माणूस सुटावा म्हणून. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते हुतात्मा झाले आणि लोकांच्या मनात विजेचे मनोरे पाडणारा क्रांतिकारक तेवढा राहिला, पेढ्या मागे पडल्या. पुढे कशेळ्याच्या अकॅडेमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सेस या संस्थेनं आदिवासी वाड्यांत धान्य बँका पुन्हा उभारल्या आणि भाताचे जुने गावठी वाणही जमवले. शेतीखात्याच्या कुठल्या यादीत धान्यपेढीला "वर्तनबदल" म्हटलेलं मला दिसलं नाही. पण ज्याच्या घरात चार मण भात शिल्लक आहे तोच एखादं खाचर नव्या रीतीला देऊन बघतो.

ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या पैशानं "प्रशिक्षण आणि भेट" योजना आली. इस्रायलचे डॅनियल बेनॉर यांची ती कल्पना. ठरलेल्या वारी, ठरलेल्या गावात, दर पंधरवड्याला विस्तार कर्मचारी येणार आणि "संपर्क शेतकऱ्या"ला सांगणार. तो बाकीच्यांना सांगणार. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात संपर्क शेतकरी बहुधा तोच, ज्याच्या घरी साहेबाला बसायला खुर्ची होती. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

त्यापेक्षा चारसूत्रीबद्दल लिहायला हवं, कारण तिच्यात रीतीशी भांडण कमी होतं. डॉ. नारायण सावंत यांनी ती मांडली. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत घालायची, गिरीपुष्पाचा पाला खाचरात गाडायचा, दोन जवळची आणि दोन लांबची अशा अंतरानं लावणी करायची, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी, ब्रिकेट म्हणतात ती, बोटभर खोल खोचायची. पहिलं सूत्र बघा. राख आहे! राबानं पिढ्यान् पिढ्या जे केलं त्याचाच एक धागा उचललेला, फक्त झाड न तोडता. गिरीपुष्प बांधावर लावता येतो, म्हणजे कवळेसाठी डोंगर चढायला नको. गोळीमुळे पावसात वाहून जाणारा युरिया जागेवर राहतो. कोकणात ही पद्धत जिथे टिकली तिथे बहुधा तुकड्यातुकड्यांनी टिकली. कुणी गोळी घेतली आणि दोरी सोडली, कुणी पाला घेतला. शुद्ध पद्धतीचा आग्रह धरणाऱ्यांना हे अपयश वाटतं. मला ते शेतकऱ्यानं केलेलं संपादन वाटतं.

मध्येच एक गोष्ट सांगतो, जिच्यासाठी कुणी पत्रक काढलं नाही. टाटांचं भिवपुरीचं वीजकेंद्र १९२२ मध्ये सुरू झालं. सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी टर्बाइन फिरवून खाली आलं, आणि राजनाल्यानं त्या पाण्याचे पाट कर्जतच्या गावांत नेले. जिथे पाट पोहोचला तिथे लोक उन्हाळी भात घ्यायला लागले. दुबार भात करा म्हणून तिथे कुणाचं मन वळवावं लागलं नाही. पाटाची दुरुस्ती निघाली आणि पाणी बंद झालं की तीच माणसं उन्हाळी भात सोडतात, पाणी आलं की पुन्हा घेतात. याला स्वभाव म्हणायचा की पाट म्हणायचा?

आता साच्याकडे येतो.

नेरळजवळ मालेगावला, उल्हास नदीकाठी, सगुणा बाग आहे. मुंबईकरांना ती कृषी पर्यटनासाठी माहीत: म्हैस, तळं, चुलीवरची भाकरी. ती उभी करणारे चंद्रशेखर भडसावळे अमेरिकेत शिकून परत आलेले. त्यांनी २०११ च्या सुमारास मांडलेलं सगुणा राइस टेक्निक, गावात ज्याला नुसतं "एसआरटी" म्हणतात, ते या कथेतलं सर्वांत धाडसी पान आहे. कारण त्यात राब नाही, चिखलणी नाही, आवणीही नाही. एकदाच गादीवाफे करायचे, माथा १०० सेंटिमीटर, सरी ते सरी १३६ सेंटिमीटर, आणि पुढे वर्षानुवर्षं ते मोडायचे नाहीत. वाफ्यावर लोखंडी साचा दाबायचा. २५ सेंटिमीटर अंतरावर भोकं पडतात. प्रत्येक भोकात तीन-चार दाणे आणि खत टोकायचं. मग उगवण्याआधीचं तणनाशक. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. ती कुजतात, त्यांच्या वाटांनी हवा आणि पाणी आत जातं, गांडुळं परत येतात, आणि त्याच वाफ्यावर वाल, मूग, हरभरा असं दुसरं पीक घेता येतं.

चिखलणी न करता भात? माझ्या आधीच्या पिढीतल्या कुणाला सांगितलं असतं तर हसून गडाबडा लोळला असता. पण वंशावळ बघितली तर यातलं बरंच ओळखीचं निघतं. टोकणणी नवी नाही, डोंगरउतारावर ती चालतच आलेली. पावसाआधी कोरड्यात पेरायची धूळवाफही कोकणाला माहीत. नवं होतं ते हे सगळं एका ठरावीक क्रमात, एका लोखंडी वस्तूत बसवणं. जपानी पद्धतीची दोरी बाईच्या बोटांना लय सोडायला लावत होती. साचा तिला चिखल, मूठ आणि दिवसदिवस वाकणं सोडायला लावतो. दोन्ही ओळीच आहेत. एका ओळीनं काम वाढवलं, दुसरीनं घटवलं.

तरी साचा चाळीस वर्षं आधी आला असता तर चालला असता का? मला शंका आहे. १९७० मध्ये खाचरात वाकायला माणसं होती, गोठ्यात बैल होते, कवळ तोडायला वेळ होता. आता वाड्यांमधली पोरं सकाळी लोकल पकडून बदलापूर-कल्याणकडे जातात, खोपोली-पाताळगंगेच्या कारखान्यांत पाळ्या करतात, फार्महाऊसवर माळी आणि चौकीदार होतात. आवणीच्या आठवड्यात मजूर मिळवणं हे लग्नात आचारी मिळवण्याइतकं कठीण. बैल विकले गेले. पॉवर टिलरचं भाडं तासावर. राबाचा तो दोरा आपोआप सैल झाला होता, आणि अशा वेळी साचा हाताशी आला. भडसावळ्यांचं श्रेय यानं कमी होत नाही. त्यांनी पद्धत स्वतःच्या शेतावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत केली आणि शेतकऱ्यांना बांधावर नेऊन वाफा दाखवला. आयोवाच्या त्या शेजाऱ्याचं काम सगुणा बागेनं केलं.

एक काटा राहतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. राबाची आच तण मारायची. चिखलाचं पाणी तण दाबायचं. दोन्ही सोडलं की तणाशी लढायला तणनाशक उरतं. पेरणीआधी मागचं तण मारायला वापरतात त्या ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये बहुधा कर्करोगकारक असलेल्या द्रव्यांच्या गटात टाकलं, आणि आपल्या सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले. पद्धतीचे समर्थक म्हणतात, नांगरट थांबल्यानं मातीतला कर्ब वाढतो आणि गांडुळं दिसतात ते डोळ्यांनी बघा. विरोधक म्हणतात, पाठीवर पंप घेऊन उघड्या अंगानं फवारणाऱ्या गड्याकडे बघा. दोघंही बघायलाच सांगतात, वेगवेगळ्या उंचीवर. माझं मत विचाराल तर गड्याच्या अंगावर सदरा, हातमोजे आणि तोंडावर फडकं येईपर्यंत हा कार्यक्रम अर्धाच आहे. आणि ती सवय लावायचा साचा अजून कुणी ओतलेला नाही.

खालापुरात गोष्ट आणखी वेगळी झाली. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ पासूनचं, त्यामुळे कारखाने आधीच आलेले. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला आणि मार्गालगतच्या खाचरांचा भाव मणांत मोजायचा बंद होऊन गुंठ्यांत सुरू झाला. माझ्या एका नातेवाइकांच्या खाचरांना आता तारेचं कुंपण आहे आणि आत कमरेएवढं गवत. त्या कुटुंबानं राबही सोडला, चिखलणीही आणि आवणीही. शतकभराच्या सगळ्या मोहिमांना जे जमलं नाही ते एका खरेदीखतानं एका दुपारी केलं. ते अजून गावातच राहतात, तांदूळ रेशनवर आणि वाण्याकडून आणतात, आणि जेवताना न चुकता म्हणतात, "हा आपला कोळंब नाही हो."

मागच्या मे महिन्यात कर्जतकडच्या एका गावात गेलो होतो. रस्त्याच्या एका अंगाला एसआरटीचे वाफे, गेल्या हंगामाची खुंटं त्यांवर तशीच. त्याच शेताच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा काळा चौकोन, चटईएवढा. सकाळीच भाजलेला; जवळ गेलो तर अजून ऊब लागत होती.

"काका, वाफ्यावर टोकणार म्हणता, मग राब कशाला?"

"नांगे भरायला लागतं थोडं रोप," काका म्हणाले. मग जरा थांबून, "आन् आमच्या आईला सांगून बघा ना तुम्ही, राब भाजू नको म्हणून."

आई पडवीत बसून कवळेच्या उरलेल्या काटक्या चुलीसाठी मोडत होती. तिनं वर पाहिलं, माझ्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं, आणि आतल्या सुनेला चहा टाकायला सांगितलं.